ब्रिटनमधली काउन्सिलची घरं: जागा आहे, तंत्र आहे, मग घोडं कुठे अडतंय?

ब्रिटनमधल्या काउन्सिल हाउसिंगबद्दल आपल्याकडच्या लोकांशी बोलायला लागलं की गोंधळ नेमका एकाच ठिकाणी होतो. काउन्सिल म्हणजे साधारण आपली महानगरपालिका, इतपत कळतं, पण ही पालिका घर बांधते, स्वतःच मालक राहते आणि वर्षानुवर्षं भाड्याने देते, हे काही पटकन पचनी पडत नाही. कारण आपल्याकडे सरकारी घर म्हटलं की म्हाडाची लॉटरी, सिडकोची सोडत नाहीतर एसआरए, म्हणजे शेवटी हातात चावी आणि कागदावर आपलं नाव. इथे कागदावर नाव काउन्सिलचंच राहतं. भाडेकरू भाडं भरतो, नळ गळला तर काउन्सिलला फोन करतो, आणि तो घर सोडून गेला की ते घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला मिळतं.

तसं हे आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. मुंबईतल्या बीडीडी चाळी आठवा, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाच्या सरकारी खात्याने काँक्रीटमध्ये बांधून भाड्याने दिलेल्या २०७ इमारती. त्याच सुमाराला, १९१९ मध्ये, ब्रिटनमध्ये अ‍ॅडिसन कायदा आला, पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना धड घरं द्यायची म्हणून, आणि तिथून काउन्सिल्सनी मोठ्या प्रमाणावर भाड्याची घरं बांधायला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर एकेका वर्षात २ लाखांवर काउन्सिलची घरं उभी राहायची. मग १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने राइट टू बाय आणलं, राहत्या भाडेकरूला भरघोस सवलतीत घर विकत घेता यायला लागलं, आणि एकट्या इंग्लंडमध्ये २० लाखांच्या आसपास घरं काउन्सिल्सच्या हातातून गेली. ज्यांनी विकत घेतली त्यांना मी अजिबात दोष देत नाही, कष्टकरी माणसाला आयुष्यात एकदा अशी संधी आली तर तो घेणारच, पण गेलेल्या घरांच्या बदल्यात नवी घरं बांधली गेली नाहीत ही खरी चूक होती आणि ती सरकारची होती. इंग्लंडमधली ही सवलत आता कुठे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, चांगलीच कमी केलीये.

परिणाम काय, तर आज इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या वेटिंग लिस्टवर १३ लाखांच्या घरात कुटुंबं आहेत. त्याशिवाय १ लाखाहून जास्त कुटुंबं टेम्पररी अकोमोडेशनमध्ये, म्हणजे कुठे हॉटेलच्या एका खोलीत, कुठे बी अँड बीमध्ये (खोली आणि नाश्ता देणारं छोटं लॉज), कुठे खाजगी मालकाच्या फ्लॅटमध्ये, आज इथे तर सहा महिन्यांनी तिकडे. पोरांची शाळा एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला. यावर काउन्सिल्स वर्षाला २ अब्ज पौंडांहून जास्त खर्च करतात आणि वर्ष संपलं की त्या पैशातून एक वीटसुद्धा उभी राहिलेली नसते. मला सगळ्यात जास्त त्रास या आकड्याचा होतो.

आता पैशाचं गणित बघू, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं काहीच कळत नाही. काउन्सिलच्या घरांचा हिशोब बाकीच्या कारभारापासून वेगळा ठेवावा लागतो, त्याला हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट म्हणतात. कचरा-रस्त्यांचा पैसा इकडे आणता येत नाही आणि घरभाड्याचा पैसा तिकडे नेता येत नाही. नवं घर बांधायचं तर काउन्सिल कर्ज काढते आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं भाड्यातून फेडते. समजा आठवड्याला ११० पौंड भाडं आहे, म्हणजे वर्षाला ५,७२० पौंड. त्यातले समजा २,७०० दुरुस्ती, देखभाल, कर्मचारी यात गेले, उरले ३,०२०. व्याज ५ टक्के धरलं तर एवढ्या हप्त्यात पन्नास वर्षांत साधारण ५५ हजार पौंडांचं कर्ज फिटतं. भाडं दरवर्षी थोडं वाढतं म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त झेपेल, पण घर बांधायलाच समजा दोन-अडीच लाख पौंड लागले तर? मधलं भगदाड मग सरकारी अनुदानाने आणि राइट टू बायच्या विक्रीतून आलेल्या पैशाने भरायचं. आणि याच्यावर जर बाजारभावाने प्लॉट विकत घ्यायचा असेल तर विषयच संपला. म्हणून स्वतःच्या मालकीची जागा असणं हे काउन्सिलच्या दृष्टीने अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे. २०१८ पर्यंत तर किती कर्ज काढायचं यावरही केंद्र सरकारची मर्यादा होती, ती त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उठली आणि मग बऱ्याच काउन्सिल्सनी आपल्या जुन्या वसाहतींच्या नकाशांवरची धूळ झटकली.

भाड्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण जाहिरातीत ती नीट दिसत नाही. सोशल रेंट हे सरकारी सूत्राने ठरतं आणि बऱ्याच भागांत बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास येतं. २०११ पासून अफोर्डेबल रेंट नावाचा दुसरा प्रकार आला, त्यात बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडं लावता येतं. लंडनमध्ये बाजारभावाच्या ८० टक्के म्हणजे नर्सलाही परवडत नाही. त्यामुळे कुठल्याही योजनेत पहिल्यांदा हे बघायचं की घरं कुठल्या भाड्याने जाणार.

बरं, ही जागा असते कुठे? मोकळी मैदानं कोणाकडेच नाहीत. असतात ते तुकडे. बंद पडलेली लायब्ररी, एकमजली दुकानांची रांग, जुन्या डेपोचं आवार, दोन इमारतींमधला उगाच राहिलेला कोपरा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गॅरेजं. पन्नास ते सत्तरच्या दशकात वसाहती बांधल्या तेव्हा मागच्या बाजूला भाडेकरूंच्या गाड्यांसाठी गॅरेजच्या रांगा बांधून ठेवल्या. आता त्यातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन उभे राहा. मध्ये डांबरी चौक, त्याला भेगा पडून गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंना बारा-पंधरा गॅरेजं, वरखाली उघडणारे पत्र्याचे दरवाजे, त्यातले निम्मे वाकलेले, एखाद्याला काउन्सिलने ठोकलेली लोखंडी पट्टी, छताला ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. आजची गाडी या गॅरेजमध्ये शिरत नाही, शिरली तर दरवाजा उघडून उतरता येत नाही, कारण गॅरेज तेव्हाच्या छोट्या गाड्यांच्या मापाचं आहे. मग लोक त्यात जुनं कपाट, सायकली, पेंटचे डबे ठेवतात, किंवा काहीच ठेवत नाहीत. काउन्सिलच्या हिशोबात ही जागा वर्षाला काहीतरी किरकोळ भाडं देणारी. आणि तिथे सहा-आठ घरं बसू शकतात.

कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात एकेका तुकड्याला भांडणं जोडलेली असतात आणि ती सगळी खोटी नसतात हे मला आवर्जून सांगायचंय. शेजारच्या घरांच्या मागच्या अंगणाची दारं याच चौकात उघडतात, काहींना तिथून जायचा कायदेशीर हक्क असतो, तो मोडता येत नाही. समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये साधारण २१ मीटर अंतर असावं असा रिवाज आहे, छोट्या चौकात तेवढं मिळत नाही, मग खिडक्या तिरक्या करा, वरचा मजला मागे सरकवा. डांबराखालून सांडपाण्याची जुनी लाइन जात असते, तिच्यावर पाया घालता येत नाही. ॲस्बेस्टॉसचे पत्रे आरोग्याला घातक, ते काळजीपूर्वक, जपून, भरपूर खर्च करून काढावे लागतात. आग लागली तर बंब आत आला पाहिजे, त्याला रस्ता किमान ३.७ मीटर रुंद लागतो आणि बंबापासून घराच्या प्रत्येक कोपऱ्याचं अंतर ४५ मीटरच्या आत लागतं, आणि गॅरेजच्या गल्ल्या बहुतेक वेळा याहून अरुंद. शिवाय २०२४ पासून बऱ्याच नव्या बांधकामांनी तिथल्या झाडं-झुडपं-गवत अशा नैसर्गिक अधिवासाचा हिशोब १० टक्क्यांनी वाढवून दाखवायचा असा नियम आलाय. नियम चांगलाय, पण आठ घरांच्या प्लॉटवर प्रत्येक नियमाचा अहवाल, प्रत्येक अहवालाचा तज्ज्ञ आणि त्याची फी ही ऐंशी घरांच्या प्लॉटइतकीच पडते. छोटी जागा महाग का पडते त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

पार्किंगवरून तर वाद ठरलेलाच. ब्रिस्टलमध्ये यावर एक भारी तोडगा काढला गेला. सेंट जॉर्ज भागात काउन्सिलचा एक पैसे भरून गाडी लावायचा कार पार्क होता, आजूबाजूची दुकानं त्यावर अवलंबून. तो बंद न करता त्याच्यावर स्टीलचे खांब उभे करून एक प्लॅटफॉर्म केला आणि त्याच्यावर कारखान्यात बनलेली ११ घरं ठेवली. खाली गाड्या लागतात, वर लोक राहतात. होप राइज नाव त्याचं, झेड पॉड्स नावाच्या कंपनीने केलं. छतावर सोलर पॅनेल, भिंतींना जाड इन्सुलेशन, म्हणजे हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल आटोक्यात. ११ हा आकडा छोटा आहे, पण डोक्यावर आभाळ सोडून दुसरं काहीच नसलेले असे कार पार्क इंग्लंडच्या प्रत्येक गावात आहेत हे लक्षात घ्या.

इथून आपण बांधकामाच्या पद्धतीकडे येतो. मॉडर्न मेथड्स ऑफ कन्स्ट्रक्शन, थोडक्यात एमएमसी, या नावाखाली इथल्या सरकारने २०१९ मध्ये सात प्रकार लावून दिलेत, पण आपल्याला तीन समजले की पुरे. पहिला प्रकार म्हणजे आख्खं खोकं. खोली किंवा अर्धं घर कारखान्यात तयार होतं, आत वायरिंग, प्लंबिंग, टाइल्स, किचनचे ओटे, दारं-खिडक्या सगळं बसवलेलं, ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रेलरवरून येतं आणि क्रेनने पायावर ठेवलं जातं. दुसरा प्रकार म्हणजे पॅनेल, भिंती आणि स्लॅब सपाट तुकड्यांमध्ये कारखान्यात बनवायचे आणि साइटवर जोडायचे. तिसरा म्हणजे बाकी बांधकाम नेहमीसारखं, फक्त बाथरूमसारखा किचकट भाग तयार पॉड म्हणून आणून बसवायचा.

यात वेळ वाचतो तो कारखान्यात हात भराभर चालतात म्हणून नाही फक्त. खरा फायदा दोन कामं एकाच वेळी चालतात हा आहे. नेहमीच्या पद्धतीत आधी पाया, मग भिंती, मग छत, मग वायरमन, मग प्लंबर, मग टाइल्सवाला, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, आणि इंग्लंडचा पाऊस प्रत्येकाला दोन-दोन दिवस बसवून ठेवतो. इथे साइटवर पाया घातला जात असतो तेव्हाच तिकडे कारखान्यात छताखाली, कोरड्यात, घर तयार होत असतं. शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट आहे ही, वसाहतीच्या मधोमध दीड वर्षं धूळ, ट्रक आणि ड्रिलचा आवाज सहन करायचा की काही महिन्यांत मोकळं व्हायचं. भिंतीचा काटकोन, खिडकीभोवतीची फट, इन्सुलेशन, हे कारखान्यात तपासता येतं, साइटवर पावसात शिडीवर उभं राहून जे काम होतं त्यापेक्षा ते चांगलंच होतं.

पण (आणि हे माहितीपत्रकांत सहसा वाचायला मिळत नाही) छोट्या जागा आणि आख्खी खोकी यांचं फार वेळा जमत नाही. खोकं साधारण साडेतीन-चार मीटर रुंद असतं. गॅरेजच्या चौकात जायची गल्ली तीन मीटरची. ट्रेलर वळत नाही, वळला तर वर झाडाची फांदी नाहीतर टेलिफोनची तार. मोठी क्रेन आणायची तर ती उभी कुठे करायची, तिच्या पायांखाली ती जुनी सांडपाण्याची लाइन. बाहेरच्या रस्त्यावर क्रेन उभी करून समोरच्या घरांच्या छपरांवरून खोकं आत न्यायचं तर रस्ता बंद करायची परवानगी, बसचा मार्ग बदलायचा, त्या घरांच्या डोक्यावरून ओझं नेण्याबद्दल त्यांच्याशी करार, आणि एवढं करून त्या दिवशी वारा सुटला तर क्रेन चालत नाही, दुसरी तारीख घ्या. अशा ठिकाणी पॅनेलच बरे. छोट्या ट्रकवर येतात, चार माणसं आणि छोटी क्रेन पुरते. मोठा कार पार्क, जुना डेपो, बंद शाळेचं आवार इथे खोकी बिनधास्त वापरा. जागा बघून पद्धत निवडायची हे सांगायला सोपं वाटतं, पण अनेकदा पद्धत आधी ठरते, कारण अनुदानाच्या अर्जात ती लिहिलेली असते, आणि मग जागेला तिच्यात कोंबायचा प्रयत्न होतो. त्यात वर्ष जातं.

कारखान्यात बनलेल्या घरांबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती उगाच नाही. इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने लाखो घरं गेली तेव्हा १९४४ मध्ये कायदा करून ब्रिटनने कारखान्यात बनलेले छोटे बंगले उभे केले, १९४९ पर्यंत साधारण १ लाख ५६ हजार. विमानांच्या कारखान्यांचं युद्धाचं काम संपत आलं होतं, तिथेच अ‍ॅल्युमिनियमचे बंगले बनायला लागले, चार भागांत ट्रकवरून यायचे. आत फ्रिज, गरम पाणी, घरातच संडास-बाथरूम, कित्येक कामगार कुटुंबांनी हे पहिल्यांदाच बघितलं. दहा वर्षांसाठी बांधलेली ती घरं कितीतरी ठिकाणी पन्नास-साठ वर्षं टिकली. लंडनच्या कॅटफर्डमध्ये एक्सकॅलिबर इस्टेट म्हणून १८७ अशा घरांची वसाहत होती, पाडायची वेळ आली तेव्हा रहिवाशांनी विरोध केला आणि त्यातल्या सहा घरांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

दुसरी बाजू म्हणजे रोनन पॉइंट. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागातला २२ मजली टॉवर, काँक्रीटचे मोठे पॅनेल कारखान्यात ओतून एकावर एक रचलेला, नवा कोरा, लोक राहायला येऊन दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ ला पहाटे अठराव्या मजल्यावर एका घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण त्याने बाहेरची भिंत ढकलली, त्या भिंतीवरच वरच्या मजल्यांचा भार होता, ते खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचेही गेले, इमारतीचा एक आख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले, एक भाग गेला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे असं गणित सक्तीचं झालं. टॉवर दुरुस्त करून पुन्हा वापरला आणि १९८६ मध्ये उतरवला, एकेक पॅनेल सुटं करत. तेव्हा काय दिसलं, तर सांध्यांमध्ये जिथे मॉर्टर ठासून भरलेलं असायला हवं तिथे वर्तमानपत्रांचे कागद कोंबलेले होते.

मी हे इतकं तपशिलात सांगतोय कारण पॅनेलच्या घराची सगळी ताकद त्या सांध्यात असते. पॅनेल कारखान्यात उत्तम बनेल, पण सांधा साइटवर भरला जातो, घाईत, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाकडून, आणि एकदा भरला की बाहेरून दिसत नाही. खोक्यांच्या घरातही तसंच, दोन खोक्यांच्या मध्ये पोकळी राहते, आग त्या पोकळीतून वर चढू नये म्हणून तिथे अडथळे बसवायचे असतात, ते बसले की नाही हे नंतर भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. लंडनमधला ग्रेनफेल टॉवर कारखान्यात बनलेला नव्हता, पण तो काउन्सिलचाच होता आणि २०१७ मध्ये तिथे आगीत ७२ माणसं गेली ती भिंतींना बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे (क्लॅडिंग) आणि कोणीही नीट न तपासल्यामुळे. म्हणून नव्या पद्धतीच्या घरांमध्ये प्रत्येक सांध्याचा फोटो, तारीख आणि बसवणाऱ्याचं नाव नोंदवून ठेवणं हे माझ्या मते पैसे वाचवायची जागाच नाही. काउन्सिलला हे घर साठ वर्षं सांभाळायचंय, बिल्डरसारखं विकून मोकळं व्हायचं नाहीये.

आता मुख्य मुद्दा. पद्धत चांगली, गरज प्रचंड, जागा तुकड्यातुकड्यांत का होईना पण आहे. तरी २०२३ मध्ये काय झालं बघा. लीगल अँड जनरल या मोठ्या विमा कंपनीने यॉर्कशरमध्ये २०१६ पासून घरांचा कारखाना चालवला होता, मे महिन्यात त्यांनी उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. जूनमध्ये यॉर्कशरमधलीच इल्के होम्स ही कंपनी बुडाली, हजाराहून जास्त लोकांची नोकरी गेली, सरकारने त्यात घातलेले कोट्यवधी पौंडही गेले. पुढच्या वर्षी टॉपहॅट या आणखी एका कंपनीनेही घरं बनवणं थांबवलं. एका बाजूला १ लाख कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात आणि दुसऱ्या बाजूला घरांचे कारखाने काम नाही म्हणून बंद.

असं का होतं? कारखान्याचा खर्च रोजचा असतो, शेडचं भाडं, मशिनरी, पगार, घर एक निघो नाहीतर दहा. तो खर्च निघायला वर्षाला शेकडो-हजारो घरं सलग बाहेर पडावी लागतात. आणि ऑर्डर कशी येते? एका काउन्सिलची आठ घरं, त्यांचं डिझाइन वेगळं. शेजारच्या काउन्सिलची बारा, त्यांचे छताचे नियम वेगळे. तिसऱ्याची वीस, पण प्लॅनिंगची परवानगी सात महिने लांबली, तोवर लाइन रिकामी. परवानगी आली तेव्हा तीन ठिकाणची कामं एकदम आली. गवंडी असता तर त्याने या महिन्यात दुसरी साइट धरली असती, कारखान्याला ते जमत नाही. त्यात भरीस भर म्हणजे बहुतेक कंपन्यांनी घरामागे नफा होत नसताना फक्त संख्या वाढेल या आशेवर गाडा ओढला. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जानेवारी २०२४ मध्ये यावर सरकारला पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की तुम्ही पैसे ओतलेत पण सुसंगत धोरण असं काही नव्हतं. मला ते शंभर टक्के पटतं. दहा काउन्सिल्सनी एकत्र बसून एका बेडरूमचं, दोन बेडरूमचं, तीन बेडरूमचं अशी पाच-सहा घरं पक्की करायची, जिना एकच, बाथरूम एकच, बाहेरची वीट किंवा छपराचा उतार गावाप्रमाणे बदला हवं तर, आणि कारखान्याला पाच वर्षांचा आकडा द्यायचा. एवढं झालं तर कारखाना टिकतो. यात कुठलंही नवीन तंत्र लागत नाही.

आपल्याकडे याच्या अगदी जवळ जाणारा प्रयोग नवी मुंबईत झालाय. सिडकोने बस टर्मिनल, ट्रक टर्मिनल आणि रेल्वे स्टेशनबाहेरच्या मोकळ्या आवारांवर पंतप्रधान आवास योजनेची घरं घेतली, म्हणजे ज्या जागेवर फक्त गाड्या उभ्या राहायच्या तिथेच, होप राइजचाच विचार पण मापात जमीन-अस्मानाचा फरक. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा आकडा जवळपास ९० हजार घरांचा होता. आणि तिथे प्रीकास्टला, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच ओतून आणायच्या पद्धतीला, ऑर्डरची कमी पडली नाही, एकाच साच्यातले कॉलम, बीम, स्लॅब हजारोंनी लागणार होते. बामणडोंगरीला २०२२ मध्ये एल अँड टीने ९६ दिवसांत ९६ फ्लॅटची इमारत उभी करून दाखवली ती याच जोरावर. पार्किंगचं काय म्हणून काही भागांतल्या रहिवाशांनी विरोधही केला.

फरक पडतो तो पुढे. सिडको घर विकते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये २६ हजार घरांची योजना काढली, नंतर किंमती जाहीर झाल्या आणि ज्या आर्थिक दुर्बल गटासाठी घरं होती तेच लोक म्हणाले की हे आम्हाला झेपत नाही, बँक एवढं कर्ज देत नाही. स्टेशनला लागून असलेली सरकारी जमीन एकदा विकलेल्या घराखाली गेली की गेली, वीस वर्षांनी ते घर बाजारभावानेच दुसऱ्याकडे जाणार. काउन्सिलच्या मॉडेलमध्ये जमीन सार्वजनिक राहते आणि ज्याच्याकडे डाउन पेमेंटला पैसे नाहीत, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, सिक्युरिटी गार्ड, त्यालाही घरात राहता येतं. कारखान्याला सलग ऑर्डर कशी द्यायची हे ब्रिटनने सिडकोकडे बघून शिकावं, आणि सरकारी जमिनीवर निदान काही घरं तरी कायम भाड्याची ठेवावीत हे आपण इथून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बीडीडीच्या काळात आपण ते केलं होतंच की.

इंग्लंडमध्ये सध्या आशेला जागा आहे. जून २०२५ मध्ये सरकारने दहा वर्षांसाठी ३९ अब्ज पौंडांचा गृहनिर्माण निधी जाहीर केला, त्यातली किमान ६० टक्के घरं सोशल रेंटची असावीत असं उद्दिष्ट ठेवलंय. दहा वर्षं म्हणजे कारखान्याला लागते तशी लांब मुदत पहिल्यांदाच मिळतेय.

जे मराठी लोक इंग्लंडमध्ये राहतात त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. तुमच्या गल्लीत दिव्याच्या खांबावर प्लॅनिंगची नोटीस लागली की मत द्यायला साधारण २१ दिवस असतात, काउन्सिलच्या साइटवर नकाशे उघडे असतात आणि तिथेच लिहिता येतं. नुसतं नको किंवा नुसतं हवं लिहून फारसा उपयोग होत नाही. विचारा की घरं सोशल रेंटवर जाणार की अफोर्डेबल रेंटवर. बंबाला रस्ता किती मीटर ठेवलाय. मागच्या दारांचा जायचा हक्क कसा राखलाय. क्रेन कुठे उभी राहणार आणि किती दिवस. सांध्यांची तपासणी कोण करणार, कॉन्ट्रॅक्टरचाच माणूस की बाहेरचा. आणि घरं बनवणारा कारखाना उद्या बंद पडला तर त्या घरांची ड्रॉइंग, पॅनेलची मापं आणि बाथरूम पॉडचे सुटे भाग कुठून मिळणार याची सोय काउन्सिलने करारात केलीये का. हा शेवटचा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.